उघडीचा डावा दांडा

८ डिसेंबर

चि. सुनिल यास,

अनेक आशीर्वाद. धाकट्या भावाला लिहिताना आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. बरं, रेश्माला फोन लावावा, तर तुझी बायको दोन्ही वेळा तेच बोलली, "ताई, हे ड्युटीवर हायेत." भातसा धरणाची दारं काय तू एकटाच खांद्यावर धरून उभा असतोस? म्हणून आता पोस्ट. पोस्टमन कमळूभाऊ तर हसलाच मला. "माधुरीताई, दोन एस्ट्या बदलल्या की भातसानगर. जाऊन या की सवताच." मी म्हटलं, भाऊ, तुम्ही तिकीट द्या, सल्ला नको. मी यायची नाही. मोठी मी आहे.

तर हे पत्र तुझ्यासाठी नाही, गाडीसाठी आहे.

प्रियांकाचं लग्न ठरलं. मुलगा शहापूरकडचा, साईनाथ. घरची भातशेती आहे, स्वतः आसनगावला एका कारखान्यात जातो. बोलतो कमी, आपल्या घरात येणाऱ्याला ते बरंच. लग्न मे महिन्यात. आणि तुझी भाची हट्टाला पेटली आहे. मांडवात जाईन तर नानांच्या उघडीतून, नाहीतर चालत जाईन. गावातली एकूण एक पोर त्या गाडीतून मांडवात गेली. कल्याणच्या डॉक्टरांनी देश सोडताना आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे नानांना, ती बिनछपराची गाडी बक्षीस दिली, आणि त्यांनी ती स्वतःसाठी कधी वापरलीच नाही. कुणाचीही मुलगी असो की मुलगा, हळद लागली की गाडी दारात उभी. आणि त्यांच्या सख्ख्या नातीने जायचं काय, कागदी गुलाब चिकटवलेल्या भाड्याच्या गाडीतून? पोरीचं म्हणणं चूक नाही, म्हणून तर माझी जास्त चिडचिड होते.

गाडी खळ्यात, पेंढ्याच्या उडवीमागे आहे. आहे म्हणजे उरली आहे. कापडी टप फाटून गेला. बॉनेट नाही. कार्बोरेटर नाही. मागचा कमानपाटा नाही. पुढच्या उजव्या चाकाचा उभा दांडा, तो तर तू त्या दिवशी पिशवीत घालून घेऊन गेलास ते मी स्वतः पाहिलं. भंगारात काय आलं त्याचं? कोंबड्या मात्र आहेत, मागच्या सीटवर अंडी घालतात.

टोकावड्याचा देवजी मिस्त्री येऊन बघून गेला. ट्रॅक्टरवाला माणूस. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, "होऊन जाईल ताई." मला या वाक्याची भीती वाटते. अंगणवाडीचं छप्पर पण असंच तीन पावसाळे होऊन जातंय.

तेव्हा कोणता भाग कुठे आहे, तुला ठाऊक असेल ते कळव. आणि एक गोष्ट. मुलीला मांडवात मामा आणतो. मामा एकच आहे. गाडी चालू झाली तर ती चालवायला माणूसही लागेल, आणि नानांच्या खालोखाल ती फक्त तुझंच ऐकायची. हे मी विनंती म्हणून लिहिलेलं नाही. माहितीसाठी लिहिलं.

माधुरी


२० जानेवारी

सुनिल,

उत्तर नाही. ठीक. मला काय, मी अंगणवाडीत रोज तीस पोरांशी एकटीच बोलते, कोण ऐकतं?

बॉनेट सापडलं. कुठे, तर गोजरकाकांच्या शेरडांच्या गोठ्यावर! तुला आठवतं ना, या गाडीचं बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड मिळून एकच पत्रा आहे, अख्खं तोंड पुढच्या बाजूला उलटतं. ते त्यांनी पालथं घालून छप्पर केलंय. दिव्यांच्या भोकांतून एक बोकड बाहेर बघत होता. मी म्हटलं, काका, आमचं बॉनेट द्या. तर म्हणाले, "या गाडीनं माज्या पोराचा हात मोडला लग्नाच्या दिवशी. प्लॅस्टर घालून अक्षता घेतल्या त्यानं. शेरडांना तरी सावली दिऊ दे तिला." शेवटी तेवढ्याच मापाचा नवा पत्रा आणून घालायच्या बोलीवर सोडलं. निघताना विचारतात, "सुनिल येनार काय लग्नाला? आला तर पिऊन नको येव म्हनावं." अकरा वर्षं झाली रे. अजून गाव त्या मोरीतून बाहेर आलेलं नाही.

मी तरी काय बोलणार? आदल्या रात्री काकांच्या धाकलूच्या हळदीत सगळी पोरं प्यायली होती, सकाळी तू नवरदेव घेऊन निघालास आणि गाडी सरळ रस्त्यावरून ओढ्याच्या मोरीत गेली. तू त्यावर आजपर्यंत चकार शब्द काढला नाहीस. मग लोक आपापल्या मनाने शब्द घालतात.

मागच्या पाट्याचं ऐकून तर मला हसावं की रडावं कळेना. मी आईकडे घरभर शोधत फिरते, आणि ती पडवीत बसून भेंडीच्या काटक्या तोडतेय. म्हणाली, "काय शोधतस गो? पाटा? हा काय." आणि हातातला कोयता दाखवला. पाट्याचं लोखंड चांगलं म्हणून लोहाराला दिला, त्याचे कोयते झाले, आळीत वाटले. अर्ध्या गावाने गेला हंगाम नानांच्या गाडीने भात कापलं. मी ओरडले तर म्हणते, "लोखांड कुजवायचा काय मग?" आता मुरबाडला कमानपाट्यावाल्याकडे दुसरा करायला टाकलाय. तो टेम्पोचे पाटे करतो. गाडी मागून उंटासारखी उभी राहील म्हणाला, मी म्हटलं राहू दे.

टपाचं कापड म्हशाच्या जत्रेत झालं. तिथे पाळणेवाल्यांचे तंबू शिवणारा एक माणूस भेटला. त्याला मोबाइलवर फोटो दाखवला, त्याने बोटाने मोजल्यासारखं केलं आणि शिवून दिलं. काळं कापड नव्हतं. लाल-निळ्या पट्ट्यांचं आहे. देवजी म्हणाला, "होऊन जाईल ताई, लग्नात टप खालीच तर ठेवायचाय."

आणि परवा शहापूर गाडीचा कंडक्टर रोशन थेट अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. हातात जुन्या टॉवेलचं गाठोडं. "भातसानगरच्या थांब्यावर एकानं दिलं, बोलला ताईला दे." उघडलं, तर कार्बोरेटर. धुतलेला, पुसलेला, भोकांना कापडाचे बोळे लावलेले. चिठ्ठी नाही. मी टॉवेल तीनदा झटकला. म्हणजे नानांच्या तेराव्याला जेवण टाकून तू तासभर खळ्यात काय करत होतास ते आता कळलं. गाडी कुणी परस्पर विकू नये म्हणून तिचं काळीजच काढून घेऊन गेलास. अरे, पण दोन ओळी लिहिल्या असत्यास तर हात झडला असता?

माधुरी


१६ फेब्रुवारी

सुनिल,

साखरपुडा झाला. साईनाथकडची माणसं ओळख करून घेत होती, हे काका, हे आजोबा, हे मोठे बाबा. मग त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "मुलीचे मामा?" प्रियांकाचे बाबा म्हणाले, ड्युटीवर आहेत. सगळ्यांनी मान डोलावली. धरणाचं काम, समजू शकतो, म्हणाले. तुझ्या धरणातून मुंबईला पाणी जातं म्हणे, आमच्या तोंडचं मात्र पळवलंस.

नंतर प्रियांका माझ्यावर उखडली. "तू काय बोललीस मामाला दिवाळीत?" मी काय बोलले? फोन केला, फराळ पोचला का विचारलं, आणि एवढंच विचारलं की आता बंद केलीस ना. काळजीने विचारलं. त्यावर तू फोन ठेवलास आणि कायमचा ब्लॉक. मोठ्या बहिणीने तेवढंही विचारायचं नाही?

आई तुझं नाव घेत नाही. "तो" म्हणते. पण "त्याच्याकडून काय आला काय?" हे रोज विचारते. वर म्हणते, मी गाडीचा इचारतेय.

तर गाडीचं सांगते. मी देवजीला म्हटलं होतं, उजव्या चाकाचा उभा दांडा कुठे मिळेल ते बघ. तो कुर्ल्याला जाऊन हात हलवत परत आला. एवढ्या जुन्या गाडीचा दांडा म्हणजे उंबराचं फूल, म्हणाला. ट्रॅक्टरचा घासून बसवू का, होऊन जाईल. मी त्याला चहाही दिला नाही. आणि दुसऱ्याच आठवड्यात रोशन हजर. या वेळी गोणपाट. आत दांडे, खालच्या पितळी बोंडांसकट. दांडे! दोन! उजवा आणि डावा.

तुला कुठे मिळाले, कुणाकडून आणलेस, किती हिंडलास, काही नाही. पण मला एक सांग, मोडला उजवा. डावा शाबूत आहे, गाडी त्यावर उभी आहे. डावा कशाला पाठवलास? देवजी म्हणतो, "राहू दे ताई, चांगल्याला हात कशाला लावायचा? सुनिलभाऊला जोडी सस्त्यात भेटली असल." म्हणून उजवा बसवला आणि डावा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला.

लग्न चार मेला आहे. पहिली पत्रिका सिद्धगडाकडे तोंड करून देवाला ठेवली, दुसरी मामाची. ती घेऊन प्रियांकाचे बाबा स्वतः येतील. त्या दिवशी तरी घरी राहा. त्यांना गुडघेदुखी आहे.

माधुरी


२३ मार्च

सुनिल,

इंजिन लागलं! पहिल्यांदा नुसतं खोकलं, मग अशी काळी फुंकर मारली की कोंबड्या उडवीवर चढल्या आणि आईने डोक्यावर पदर घेतला. गोजरकाका धावत आले, त्यांना वाटलं पेंढ्याला आग लागली. देवजीचा चेहरा बघायला हवा होतास, त्याचाही विश्वास नव्हता. प्रियांकाने हॉर्न वाजवायला बटण दाबलं तर वायपर हलले. मी किती दिवसांनी हसले.

आता माझं भांडण ऐक. प्रियांकाचे बाबा पत्रिका घेऊन आले तेव्हा तू पुन्हा ड्युटीवर! रेश्माने चहा दिला, अक्षता घेतल्या, पत्रिका देवापाशी ठेवली. बिचारीचे डोळे भरले होते म्हणाले. "भाऊजी, मी काय सांगू? येवडाच बोलतात, मी गेलो की सगळ्यांना तोच दिवस आठवल, पोरीचा लगीन हाय, नको." म्हणजे येणार नाही. हे तू स्वतः सांगायचं सोडून बायकोच्या तोंडून सांगतोस. मला एवढा राग आला की मी दुपारचं जेवले नाही.

आणि काल रोशन पुन्हा. पिशवीत एक लिटरचा डबा, गिअर ऑइल. डब्याला सुतळीने पुठ्ठा बांधलेला. त्यावर, अहाहा, तुझं अक्षर! अकरा वर्षांनी! मला वाटलं, सुटलं बाबा तोंड. चष्मा शोधला, खिडकीत गेले, वाचलं.

"ग्रीस नको. डावा पण बदल."

झालं? एवढंच? भाचीला आशीर्वाद नाही, आई कशी आहे नाही, ताई तू मर की जग नाही. ग्रीस नको! अरे, मी काय तुझ्या हाताखालची क्लीनर आहे? तो पुठ्ठा मी चुलीत घालणार होते. आईने हातातून काढून घेतला. तिला वाचता येत नाही. उलटसुलट बघितला आणि कमरेला खोचून गेली.

डावा का बदलायचा, ते लिहायला पुठ्ठ्यावर जागा होती. मागची बाजू कोरी आहे.

माधुरी


३० मार्च

सुन्या,

गाढवा. मूर्खा. काय लिहू तुला?

तुझ्या पुठ्ठ्यामुळे मी देवजीच्या मागे लागले. तो नाहीच म्हणत होता, मी म्हटलं खोल, नाहीतर चालता हो. डावं चाक काढलं. दांडा वरून कसला चकचकीत, नानांनी रंग दिलेला. खाली तो पितळी बोंडात आटे पाडून बसतो ना, ते बोंड देवजीने सोडवायला घेतलं. सुटेना. वरून सगळं ग्रीस, जुन्या मेणासारखं कडक झालेलं. आणि ते खरवडल्यावर आत, खाली, जिथे खरी गरज, तिथे थेंब नाही. नुसता गंज. पाणी शिरून शिरून आटे खाऊन टाकलेले. देवजीने हातोडीने टकटक केलं. टकटकच, घाव नव्हे. आणि दांडा गाजरासारखा मोडला.

देवजी म्हणाला, "ताई, हिथं तेल भरायचा असल. पातल, खालपर्यंत उतरल असा. ग्रीस उतरतच नाय, वरच बसतो. मना पन म्हाईत नव्हता, म्या पन उजव्यात ग्रीसच भरला आता. कुनी भरला होता हा?"

कुणी भरला होता!

दर अमावास्येला, आठवतं? गाडीला नारळ, लिंबू-मिरची, आणि मग नाना गोणपाट टाकून खाली शिरायचे. आई ग्रीसचा डबा धरायची. आपण दोघं बाजूला उकिडवे बसून बघायचो. तेल घालायचं बूच होतं तिथे मुद्दाम ग्रीसचं तोंड बसवून घेतलं होतं त्यांनी, आणि किती अभिमानाने सांगायचे. आजोबांची बैलगाडी होती, आसाला वंगण नसेल तर बैल फुकट मरतो, हे त्यांना बाळकडूसारखं पाजलेलं. "तेल काय, वाहून जातो. वंगण ते वंगण." जितकी माया, तितकं ग्रीस. दुसऱ्या कुणाला तर हातही लावू दिला नाही.

म्हणजे त्या दिवशी चाक आधी दुमडलं. गाडी नंतर मोरीत गेली. तू पिऊन चालवत नव्हतास.

आणि हे तुला तेव्हाच कळलं होतं! खड्ड्यातून वर येऊन तू पहिलं काम काय केलंस, तर चाकापाशी बसून तो मोडका तुकडा उचललास, बघितलास, आणि पिशवीत घातलास. मला वाटलं भंगारात विकलास. मी तसं लिहिलंही तुला. तू तो नानांच्या नजरेला पडू नये म्हणून नेलास. नवरदेव हात धरून कण्हतोय, गाव जमलंय, नाना सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "दारू प्यायलाय माझा पोर, मीच माफी मागतो." आणि तू मान खाली घातलीस. आम्ही सगळ्यांनी ती कबुली समजली.

अरे, एकदा ओरडायचं होतंस! नानांना नाही तर मला एकटीला सांगायचं होतंस, त्या रात्री, किंवा पुढच्या वर्षी, किंवा नाना गेल्यावर तरी. ते गेले तोवर तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तू त्यांना खांदा दिलास, पाणी पाजलंस आणि तरीही गप्प. ज्या गाडीवर त्यांनी जन्मभर जीव लावला ती त्यांच्याच हाताने मोडली हे त्यांना कळू नये म्हणून तू घर सोडलंस, गाव सोडलंस, दारुड्या म्हणवून घेतलंस. कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं वागायला? आणि मी दिवाळीला फोन करून विचारते, बंद केलीस ना. तू ब्लॉकच केलंस हे नशीब. मी तुझ्या जागी असते तर मोबाइल फोडला असता.

मला रडू येतंय आणि रागही येतोय, आणि कुणावर काढू कळत नाही. नाना फोटोत आहेत. तू भातसानगरला आहेस. देवजीवर ओरडून घेतलं.

आता नीट ऐक. आईला मी काही सांगितलेलं नाही. देवजीला शपथ घातली. उजव्यातलं ग्रीस काढून घेतलं, डावा बसवला. दोन्ही बोंडं कोरडी ठेवली आहेत. तेल मी घालणार नाही, देवजीलाही घालू देणार नाही. तुझा डबा ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलाय. कोरड्या बोंडांनी गाडी खळ्याबाहेर पडणार नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त समजतं.

चार मेला सकाळी येऊन तू स्वतःच्या हाताने तेल घालायचं, आणि भाचीला मांडवात न्यायचं. नाही आलास, तर मी बँडवाल्याचा माइक घेईन आणि त्या गाडीत ग्रीस कुणी भरलं होतं ते सगळ्या गावाला सांगेन. गोजरकाकांना पुढच्या खुर्चीत बसवून सांगेन. मग ठेव तुझं अकरा वर्षांचं झाकून. तू मला ओळखतोस. मी बोलते ते करते.

ताई


११ मे

चि. सुनिल यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

घर अजून आवरलेलं नाही. दारच्या हळदीच्या मांडवाचे बांबू तसेच आहेत, पाहुण्यांपैकी दोघांच्या चपला बदलल्या म्हणून फोन येतात. तू तर जेवलास न जेवलास आणि शहापूरची गाडी धरलीस, पुन्हा ड्युटी. त्या धरणाला सांग, आता आमचाही थोडा हक्क आहे.

तू आलास तेव्हा मी हळदीच्या भांड्यांवर ओरडत होते, म्हणून तुला बघितलं नाही. बघितलं तेव्हा तू गाडीखाली होतास, नुसते पाय दिसत होते. ते पाय नानांसारखे झालेत. मी काही बोलले नाही कारण बोलले असते तर तोंडाला लावलेली पावडर वाहून गेली असती. आणि माइकचं म्हणशील, तर मी तसलं काही करणार नव्हते. तुला एवढंही कळू नये?

पण हे पत्र दुसऱ्या कारणासाठी आहे. तू गाडी चालवत होतास, पुढे बघत होतास. मागे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते सांगते.

मागच्या सीटवर मध्ये प्रियांका, एका बाजूला मी आणि बरोबर तुझ्या मागे आई. आईने या गाडीत बसायला स्वतःहून पाय घातला, मी म्हटलंसुद्धा नव्हतं. आळीतून निघालो, पुढे बेंजोवाल्यांची वाजंत्री, गोजरकाका नाचत. टप खाली पाडलेला, तरी त्या लाल-निळ्या पट्ट्या बघून पोरं "जत्रा, जत्रा" ओरडत होती. मग मोरी आली. तू गाडी हळू केलीस. इतकी हळू की माणसं पुढे गेली. गोजरकाका मागे वळून ओरडले, "सांभाल रे सुनिल!" आणि सगळे हसले. तूही हसलास, मला आरशात दिसलं.

आई हसली नाही. तिने हात पुढे करून तुझ्या सीटच्या पाठीवर ठेवला. तुझ्या अंगाला लागणार नाही असा, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तवा पन नव्हता प्यायला."

बेंजोत फक्त मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी तिला धरलं. काय म्हणालीस काल? आधी उडवून लावलं. मग म्हणाली, "खड्ड्यातून त्याला मीच वढला वर. त्याचा त्वांड माज्या तोंडाशी होता. वास नव्हता. आईला कळत नाय काय?"

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"बोल्ले असते तर तुज्या बापानं इचारला असता, मग गाडी मोडली कशानं? त्या गाडीला त्यांच्याबिगर कुनी हात लावत नव्हता. ग्रीसचा डबा मी धरायचे. मना यंत्रातला काय कळत नाय गो, पन तेवडा कळला."

ऐकलंस? तिला वाचता येत नसताना तिने तुझा पुठ्ठा कमरेला का खोचला, ते आता मला समजलं. तो अजून तिच्या पेटीत आहे, लुगड्यांच्या घडीत.

एक माणूस सांभाळायला तुम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी तोंडं शिवून घेतलीत. तुला वाटलं आईला कळू नये, तिला वाटलं तिने बोलू नये, आणि मधे मी शहाणी, सगळ्या गावाबरोबर तुला दारुड्या समजून फराळाचे डबे पाठवत होते. असलं घर दुसरीकडे कुठे असेल का रे? मला तुम्हा दोघांना समोर बसवून चांगलं फैलावर घ्यायचंय. पण आईला घेता येत नाही. परवापासून ती संध्याकाळी भाकऱ्या टाकून झाल्या की माझ्याकडे येते, पडवीत बसते, आणि माझा मोबाइल जिथे ठेवलेला असतो त्याच्या शेजारीच बसते. "कुनाचा फोन आला काय गो?" विचारते. नाव घेत नाही. मी म्हणते नाही. थोडा वेळ बसून जाते.

तिच्याकडे फोन नाही, तुला ठाऊक आहे. माझाच आहे, आणि तोच तू ब्लॉक केलायस.

काढ ते ब्लॉक, गाढवा. आज संध्याकाळीच काढ.

तुझी ताई